दुर्बिणीचं बिऱ्हाड

दुर्बीण घेताना मला काडीचाही त्रास झाला नाही. १३० मिलिमीटरचा आरसा, ६५० मिलिमीटर नाभीय अंतर, सोबत २५ आणि १० मिलिमीटरची दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. खोका घरी आला आणि तिथूनच घोडं अडलं. सोबत फुकट आलेली वस्तू चांगली असूच शकत नाही, अशी माझी जुनी श्रद्धा आहे.

किती पट मोठं दिसेल याचं गणित मांडलं: नाभीय अंतर भागिले आयपीस. ६५० भागिले २५, म्हणजे २६ पट. भागिले १०, म्हणजे ६५ पट. एवढं धूड घरात आणून नुसतं पासष्ट? मग ४ मिलिमीटरचं आयपीस घेतलं आणि वर तीन पटींची बार्लो लेन्स, म्हणजे आहे ते आणखी तिप्पट करणारं भिंग. झाले ४८७! शनीची कडी बोटाने चाचपून बघता येतील, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

प्रत्यक्षात, आंघोळीनंतरच्या आरशात आपला चेहरा दिसतो तसा एक पिवळट गोळा दिसला. तोही थरथरत, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत चौकटीबाहेर. आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच पटींना अर्थ असतो, म्हणजे माझ्या बाबतीत २६०. आणि हवा स्थिर नसेल तर तेवढ्याही नाहीत. हे मला नंतर कळलं. न्यूटनने १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण केली ती वीतभरही नव्हती. आरसाही त्याने स्वतःच घासला. त्याच्यापुढे ॲक्सेसरीजची यादी नव्हती, म्हणून बाकीची कामं तरी झाली.

मग डायगोनल, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणारा तिरका आरसा. मित्राच्या भिंगाच्या दुर्बिणीला होता, म्हणून मीही घेतला. आपल्या दुर्बिणीत तिरका आरसा आतच असतो आणि आयपीस मुळातच बाजूला असतं, हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. डायगोनल लावल्यावर फोकसर, म्हणजे आयपीस धरून आत-बाहेर सरकणारी नळी, पार आत गेला तरी चित्र काही जुळेना. फिल्टरच्या संचात आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टरही निघाला. तो मात्र मी त्याच दिवशी फोडून फेकला. आरशाने गोळा केलेलं सगळं ऊन तिथे एकवटतं. काच तडकली तर डोळा गेलाच. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, पुढून लावायचा असतो.

पण खरा छळ केला तो लेझर कॉलिमेटरने, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायच्या यंत्राने. फोकसरमध्ये बसवायचा, लाल ठिपका मोठ्या आरशाच्या मधोमध असलेल्या खुणेत पडला पाहिजे. माझा बाहेर पडत होता. ॲलन की घेऊन अर्धा तास तिरक्या आरशाचे स्क्रू पिळले, ठिपका खुणेत आणला, घाम पुसला. मग सहज लेझर जागच्या जागी फिरवला, तर ठिपका घाण्याच्या बैलासारखा आरशावर गोल फिरायला लागला. आरसा मुळात सरळच होता. लेझर वाकडा होता! वाकड्या ओळंब्याने मी चांगली भिंत पाडून पुन्हा बांधली होती. लेझर सरळ करायला त्याचे बारीक स्क्रू फिरवावे लागतात, आणि त्याला आणखी बारीक ॲलन की.

"अहो, ती कीसुद्धा मागवली असेल ना?" बायकोने विचारलं. मागवली होती. शेवटी फोकसरच्या टोपणाला मधोमध भोक पाडून, त्यातून बघत आरसे जुळवले. खर्च शून्य.

एवढं झाल्यावर एका स्वच्छ रात्री सगळ्यांना गच्चीवर नेलं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून सगळे गुपचूप बसलो. मुलगी तर श्वासही जपून घेत होती. वेळ झाली. आता फक्त २५ चं आयपीस लावायचं होतं. ते पेटीत, डायगोनल, बार्लो आणि सहा रंगीत फिल्टरांच्या खाली. डोळ्यांचा सराव मोडू नये म्हणून खास घेतलेला लाल टॉर्चही पेटीतच, त्याच्याही खाली. मी चाचपडलो, काहीतरी गडगडत गेलं, आणि घाबरून मी मोबाइलचा टॉर्च लावला.

"बाबा!"

"वीस मिनिटं," मी म्हणालो, "फक्त वीस मिनिटं."