कोऱ्या जागेचे पैसे

दसऱ्याच्या आठवड्यातला नाशिकचा कुठलाही पेपर घ्या आणि जाहिरातींतली नावं बोटानं झाकून बघा. कोणती कुणाची, सांगता येणार नाही. बिल्डरांच्या सगळ्या इमारती ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ आणि तरीही गंगापूर रोडपासून ‘अवघ्या पाच मिनिटांवर’. दहावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांच्या अर्ध्या पानात पोरांचे इतके बारीक फोटो की आईलाही आपलं लेकरू शोधावं लागेल. (नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानांबद्दल बोलत नाही. ती वाचकांसाठी नसतातच; साहेबांसाठी असतात आणि तिथे बरोबर पोहोचतात.)

मी इथे डिझाइनचं काम करतो, त्यामुळे ‘पेपर आता वाचतंय कोण’ हे रोज ऐकतो. मला ती पळवाट वाटते. वाचावं असं काही छापलं तर लोक वाचतात.

अडतं ते एका वाक्यावर. जाहिरातीत थोडी जागा मोकळी सोडली की शेठ विचारतात, ‘कॉलम सेंटीमीटरचा रेट मोजलाय, मग इथं कोरं कशाला?’ त्यांचं गणित मला कळतं. पण 1959 साली फोक्सवॅगनच्या बीटलची अमेरिकेत जी जाहिरात आली, तिच्यात जवळपास पूर्ण पान कोरं होतं आणि वरच्या कोपऱ्यात एवढीशी गाडी. मथळा: ‘थिंक स्मॉल’. मोठ्या गाड्यांच्या त्या काळात गाडीचं लहान असणंच त्यांनी पुढे केलं. कोरी जागा तिथे शोभेला नव्हती, गाडी लहान आहे हे तीच सांगत होती.

आणि आपल्याकडे तर छपाईचंही कारण आहे. न्यूजप्रिंट शाई पिते, शाई पसरते. चार रंगांच्या प्लेटा जरा सरकल्या की रंगीत पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरं बुजतात. स्क्रीनवर झकास दिसलेले ऑफरचे बारा मुद्दे सकाळी पेपरात डाग होऊन येतात. म्हणजे पैसे मोजून न वाचता येणारा मजकूर छापला!

दुसऱ्या टोकाला चमत्कारवाले. 2010 मध्ये फोक्सवॅगननंच आपल्याकडे व्हेंटो या गाडीसाठी पेपरात चिप चिकटवली होती. पान उघडलं की जाहिरात बोलायची. पेपर बोलला हे लोकांना आठवतं, काय बोलला ते विचारून बघा. त्यापेक्षा मला 2014 ची श्रीलंकेतली कल्पना आवडते. ‘मव्बिमा’ या पेपरनं डेंग्यूच्या जागृतीसाठी शाईत सिट्रोनेला (एका सुगंधी गवताचं तेल) मिसळून अंक छापला. त्या वासानं डास लांब राहतात. डेंग्यूचा डास सकाळी आणि संध्याकाळी जास्त चावतो, लोक पेपरही त्याच वेळेला हातात घेतात. इथे कागदानं कागदाचंच काम केलं, उगाच खेळणं लावलं नाही.

आता नाशिकचं बघू. निर्यातीच्या द्राक्षाला मण्याची साइज लागते, 16 मिमी, 18 मिमी असं माप चालतं. मोबाइलचा स्क्रीन प्रत्येकाचा वेगळा, त्यावर 18 मिमीचं वर्तुळ कुणाकडे 15 चं दिसेल, कुणाकडे 21 चं. कागदावर छापलेलं 18 म्हणजे 18. मग ठिबकवाल्यानं किंवा द्राक्षाच्या औषधांच्या दुकानदारानं फुगवणीच्या, म्हणजे मणी फुगण्याच्या दिवसांत जाहिरातीत फक्त मापाची वर्तुळं छापावीत, खाली दुकानाचं नाव आणि फोन. निफाड-पिंपळगावचा शेतकरी ती कापून खिशात घालून बागेत नेईल, मणी धरून बघेल. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो म्हणतात. हा तुकडा हंगामभर बागेत फिरेल. एकच काळजी घ्यायची. पेपरवाले ‘थोडी फिट करून घेतो’ म्हणत जाहिरात ओढतात-दाबतात, त्याला आधीच लेखी नाही म्हणायचं. नाहीतर 18 चं 17 होईल आणि शिव्या दुकानदाराला बसतील.

ही कल्पना मी एका दुकानदाराला दाखवली. त्यांना आवडली. म्हणाले, ‘मधल्या वर्तुळात वडिलांचा फोटो टाकू.’

अजून कुणी तयार असेल तर इनबॉक्समध्ये या. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकली की बसू, फुगवणीच्या आत पान बुक करता येईल. वडिलांच्या फोटोसाठी वेगळी जाहिरात करून देतो.