१५ वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात जात नाही

‘एमएच-१३ची खासगी गाडी १५ वर्षांची झाली की सक्तीने भंगारात जाते, मिळेल त्या भावात विका,’ हा सोलापुरात फिरणारा मेसेज चुकीचा आहे. वयावरून बंदीचा आदेश (डिझेल १०, पेट्रोल १५ वर्षं) दिल्ली आणि लगतच्या राजधानी परिसरापुरता निघाला होता. आपल्याकडे १५ वर्षांनी आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत संपते, एवढंच. नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरा, पर्यावरण कर भरा, आरटीओत तपासणी करून घ्या. आरसी पुढे ५ वर्षं चालते. मुदत संपण्याआधीच अर्ज करा, उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो.

तपासणीत गाडी अडते ती बहुधा चेसिस नंबरपाशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरपाशी. गंजामुळे आकडे वाचता येत नाहीत. रॉकेलचा बोळा फिरवून मऊ ब्रशने हलकेच घासा. ग्राइंडर मुळीच लावू नका. घासल्याची खूण दिसली की खाडाखोडीचा संशय येतो आणि प्रकरण लांबतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आधी आरसीची तारीख बघावी. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण, कर, हेडलाइट-ब्रेकची कामं यांचा खर्च भावातून वजा करा. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.