७३ मॅचच्या पुढचं कोण सांगणार?

‘पेद्रीने एका सीझनमध्ये ७३ मॅच खेळल्या, एक दिवस सुट्टी नाही! तुमच्या मुलाला कसली विश्रांती हवीय?’ पेद्री म्हणजे बार्सिलोना क्लबचा स्पॅनिश फुटबॉलपटू, आणि त्याच्यावरचा हा फॉरवर्ड आठवडाभर फिरतोय. मी सोडून दिला असता, पण काल ताईनेच पाठवला, वर ‘बघ, याला म्हणतात जिद्द’ असं लिहून. माझा भाचा तेरा वर्षांचा. सकाळी साडेपाचला बाणेरच्या टर्फवर, मग शाळा, संध्याकाळी परत टर्फ, रविवारी मॅच. परवा आमच्याकडे आला तर कठडा धरून, आडवा होत जिना उतरत होता. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, बोट लावू देत नाही.

आकडा खरा आहे, ते नाकारत नाही. २०२०-२१ मध्ये बार्सिलोनासाठी ५२, बाकीच्या स्पेनसाठी. ६ जुलैला युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची सेमीफायनल, २२ जुलैला टोकियो ऑलिंपिकची पहिली मॅच. वय अठरा. मेसेज इथे टाळ्या वाजवून थांबतो. पुढचं ऐका. सप्टेंबरमध्ये बायर्न या जर्मन क्लबविरुद्ध मांडी दुखावली. महिनाअखेरीस परतला, पुन्हा दुखापत, मग थेट जानेवारी. एप्रिलमध्ये फ्रँकफुर्ट या दुसऱ्या जर्मन क्लबविरुद्ध परत मांडीचा स्नायू, आणि त्याचा सीझनच आटोपला. लीगच्या ३८ पैकी जेमतेम १२ मॅच मिळाल्या. हे त्याचं, ज्याच्या दिमतीला फिजिओ आणि डॉक्टरांची फौज. आमच्या पोराच्या दिमतीला बामची डबी!

आणि तो अठराचा होता. तेराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. वाटीखालचा जाड पट्टा (टेंडन) नडगीच्या ज्या कोवळ्या जागी चिकटतो, तिथेच धावून-उड्या मारून ताण बसतो, सूज येते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, आणि या वयाच्या खेळणाऱ्या मुलांत ते नेहमीचंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच लिहून ठेवलंय: आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी, वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. जिद्द कमी पडते म्हणून नव्हे, शरीर भरून यायला वेळ लागतो म्हणून.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे पटकन उरकतो. ‘उपाशीपोटी वाढला’: टेनेरिफ बेटावरच्या तेगेस्ते गावात वडिलांचं हॉटेल आहे, उपाशी कुठला! ‘थेट बार्सिलोनात उचलला’: सोळाव्या वर्षी लास पाल्मास या क्लबकडून स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरला. बार्सिलोनाशी सौदा २०१९च्या सप्टेंबरमध्येच ठरला, तरी तो सीझन लास पाल्मासमध्येच काढला. ‘रिअल माद्रिदने नाकारला’: हे मात्र खरं, चाचणीला बोलावून परत पाठवलं होतं. घ्या, एक गुण दिला.

ताईला फोन करून विचारलं, सरांकडे सुट्टी कधी असते? तिने भाच्याच्या हातात फोन दिला. तो म्हणाला, “मामा, टर्फवर पाणी साचलं की.”