यग्द्रसिलचं चित्र टाकण्याआधी

दर पर्यावरण दिनाला कुणीतरी यग्द्रसिलचं चित्र टाकतं आणि खाली लिहितं, 'प्राचीन नॉर्स लोक निसर्गाशी एकरूप होऊन जगत.' मला या वाक्याचा आताशा राग यायला लागलाय.

यग्द्रसिल म्हणजे नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या काळच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या पुराणकथांमधला, नऊ जगं तोलून धरणारा अवाढव्य अ‍ॅश वृक्ष. चित्रात तो हिरवागार आणि डौलदार. जुन्या काव्यात मात्र त्याचे हाल कुत्रं खात नाही! चार हरणं कोंब ओरबाडतायत, एक बाजू कुजलीये, खाली नीडहॉग नावाचा सर्प मुळं कुरतडतोय. शेंड्यावर गरुड. आणि रातातोस्क नावाची खार गरुडाचे टोमणे सापाला, सापाचे गरुडाला पोचवत खोडावरून वरखाली पळतेय. (अशी एक खार प्रत्येक सोसायटीत असते.) नियती ठरवणाऱ्या नॉर्न रोज विहिरीचं पाणी आणि चिखल फांद्यांवर शिंपडतात, का तर झाड सडू नये.

यात एकरूपता कुठे आहे? मला तरी भीतीच दिसते. जगाचा शेवटही तसाच: उन्हाळ्याविना सलग तीन हिवाळे, काळा पडलेला सूर्य, समुद्रात बुडणारी जमीन, आभाळाला भिडणाऱ्या ज्वाळा. ९३९ च्या सुमारास आइसलँडमध्ये एल्डग्या ज्वालामुखीचा प्रचंड लाव्हा-उद्रेक झाला, त्याची आठवण या वर्णनात असावी असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. असलं काही घरबसल्या सुचत नाही.

आता त्या नॉर्स लोकांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघा. नवव्या शतकाच्या शेवटी ते आइसलँडला पोचले तेव्हा बेटाचा निदान पाव भाग बर्चच्या झाडीखाली होता, असा अंदाज आहे. डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत रान होतं, असं आरी थोरगिल्सन या तिथल्या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. सरपणाला तोडलं, कोळशाला तोडलं, कुरणांसाठी जाळलं. उरलेले कोंब मेंढ्यांनी खाल्ले. काव्यातली हरणं बिचारी उगाच बदनाम! आज नवी लागवड धरूनही तिथलं जंगल २ टक्क्यांच्या आसपास आहे.

स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या कवी-इतिहासकाराने १२२० च्या सुमारास या कथा लिहून काढल्या, त्या याच बोडक्या होत चाललेल्या बेटावर. त्याच्या पुस्तकात देव पहिली माणसं, आस्क आणि एम्बला, लाकडातून घडवतात. ते लाकूड त्यांना रानात मिळत नाही, समुद्रकिनाऱ्यावर सापडतं. आइसलँडमध्ये तेव्हा मोठं लाकूड तिथेच मिळायचं, सैबेरियाकडून वाहत आलेले ओंडके. आणि ते कुणाचे, यावर कायदे होते.