‘घर भाड्याने द्या आणि निवांत बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निवृत्तीला आलेल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवू नका, एक फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, आयुष्यभर बसल्या जागी पेन्शन, असं तो सांगतो. खाली मुद्दे दिलेत. खर्च जवळजवळ शून्य. अकरा महिन्यांचा नोटरी करार पुरे. भाडं थकलं तर पाणी आणि लाइट तोडा, आठवड्यात जागा रिकामी. काही नुकसान झालंच तर डिपॉझिट आहे. बारा वर्षं कुणाला राहू देऊ नका, घर त्याचं होतं. आणि शेवटी, फक्त ‘आपल्यातल्या’ फॅमिलीलाच द्या.

जुळे सोलापुरात आमच्या घराचा वरचा मजला आम्ही बरीच वर्षं भाड्याने देतोय. माझ्या नात्यातले एकजण हा मेसेज वाचून होटगी रोडला फ्लॅट बघत फिरतायत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ‘बसल्या जागी’ हे घेऊ, कारण सोलापुरात घर भाड्याने देणं म्हणजे आधी पाण्याची जबाबदारी घेणं. उजनी धरणातून जलवाहिनीने येणारं आणि भीमेच्या पात्रातून टाकळीच्या पंपिंग स्टेशनला पोचणारं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पंपिंगला वीज गेली किंवा कुठे पाइप फुटला की पाळी आणखी पुढे जाते. ज्या दिवशी पाणी सुटतं, त्या दिवशी कुणीतरी घरी लागतं. हौद भरायचा, मग मोटार लावून वरच्या टाक्या भरायच्या. वर राहणारी दोघंही नोकरीला जाणारी असतील तर ते काम आपलंच. फ्लॅट घेतला तरी सुटका नाही, तिथे सोसायटीच्या टँकरची वर्गणी येते आणि ती मालकाने द्यायची की भाडेकरूने यावर दर उन्हाळ्यात बोलणं होतं.

एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या पुढे जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरालाही गरम असतो, त्यामुळे कूलर लागतोच, आणि कूलर पाणी पितो. त्याच दिवसांत बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं. “काकू, टाकी संपली ओ,” असा फोन रात्री दहाला आला की त्यावर उत्तर द्यावंच लागतं, वर लहान मूल असतं. टँकर मागवावा लागतो. बोअरच्या जड पाण्याने नळांना आणि गीझरला क्षार धरतात, मग प्लंबर. हे सगळं करायला माझी हरकत नाही, भाडं घेतो म्हणजे ते करायलाच हवं. पण याला कुणी बसून खाणं म्हणू नये.

विजेचंही तसंच. दोन कुटुंबांना मिळून एकच मीटर असेल तर युनिट 100 च्या वर जातात आणि पुढच्या युनिटचा दर वाढतो. त्यावरून होणारे वाद मी शेजारीपाजारी खूप पाहिलेत. वेगळं मीटर घेणं हाच उपाय. तरीही मीटर मालकाच्या नावावर असतं, थकलेलं बिल शेवटी मालकाच्याच दारात येतं.

‘खर्च शून्य’ याचा हिशेब मांडू. सोलापुरात 30 लाखांच्या फ्लॅटला महिना 9 हजार भाडं मिळालं तरी आनंद मानावा, कारण शिकलेली पोरं नोकरीला पुण्याला जातात आणि इथे भाडं फार वाढत नाही. वर्षाचे झाले 1 लाख 8 हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिना रिकामा गेला की 99 हजार. त्यातून रंग, दुरुस्ती, मेंटेनन्स आणि महापालिकेचा कर. हा कर वार्षिक भाड्यातून 10 टक्के वजा करून धरलेल्या करयोग्य मूल्यावर बसतो, त्यामुळे भाड्याने दिलेल्या जागेला तो जास्त पडू शकतो. आता तेच 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तिथे कमाल मर्यादा 30 लाखांचीच आहे. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने वर्षाला 2 लाख 46 हजार होतात, तीन-तीन महिन्यांनी खात्यावर येतात. मान्य, व्याजावर कर लागतो आणि भाड्याच्या उत्पन्नात कर भरताना 30 टक्क्यांची वजावट मिळते. जागेची किंमतही वाढू शकते. पण ज्यांना दर महिन्याच्या औषधपाण्याला पैसे लागणार आहेत, त्यांनी सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये घालणं मला धोक्याचं वाटतं. घरात आधीच दोन जादा खोल्या असणं आणि निवृत्तीचे पैसे मोडून फ्लॅट घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोटरी कराराचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही हा समज 1908 च्या नोंदणी कायद्यावरून आला. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 लागू आहे: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मुदत कितीही असो. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. वाचवायचे तरी किती? 7 हजार भाडं, 30 हजार डिपॉझिट आणि अकरा महिने असा करार असेल तर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क सुमारे 200 रुपये होतं. शहरात नोंदणी फी 1 हजार. एजंटाचे वेगळे, तो मशीन घेऊन घरी येतो आणि अंगठे घेऊन जातो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं कामही त्याच आठवड्यात उरकावं.

पाणी-लाइट तोडण्याचा सल्ला वाचून मला खरोखर राग आला. त्याच कायद्याचं कलम 29 अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतं, तो गुन्हा आहे. मेसेज पाठवणारा कोर्टात आपल्या शेजारी उभा राहणार नाही. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, मे महिन्यात सोलापुरात कुणाच्या घरचं पाणी तोडायचं हे मनात येतं तरी कसं? भाडं थकतं तेव्हा बहुतेक वेळा पगार थकलेला असतो. कारखान्यात काम कमी झालं, घरात आजारपण निघालं, असं कारण असतं. आमच्याकडे असं झालं तेव्हा वर जाऊन बसलो, चहा घेतला आणि भाडं दोन हप्त्यांत घ्यायचं ठरवलं. ठरलेलं वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. पैसे आले. सगळेच असे नसतात, काही जण मुदत संपली तरी हलत नाहीत. त्यांच्यासाठी कलम 24 आहे. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. वेळ लागतो, पण रस्ता तोच. आणि तोही करार नोंदवलेला असेल तरच सोपा.

डिपॉझिटचं फार लिहीत नाही. तीन-चार महिन्यांचं भाडं थकलं आणि लाइट बिल राहिलं की ते संपतं. शिवाय ते परत द्यायचे पैसे आहेत, खर्च करून बसलात तर भाडेकरू निघताना अडचण तुमचीच.

बारा वर्षांची भीती मात्र जुनी आहे. 1963 च्या मुदत कायद्यातली बारा वर्षं मालकाच्या हक्काला आव्हान देऊन ठेवलेल्या ताब्यासाठी आहेत. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत वडिलांनंतर मुलगा नाममात्र भाड्यात राहतो, ते बघून लोक घाबरतात. पण तिथे मालकी बदललेली नसते. जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं, ते सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला पुढे मिळतं, आणि भाडं वर्षाला 4 टक्केच वाढवता येतं. या भीतीपोटी चांगल्या भाडेकरूला दर वर्षी घर बदलायला लावणारे लोक मला माहीत आहेत. मुलांच्या शाळा बदलतात त्यात.

आता ‘आपल्यातल्या’ फॅमिलीलाच द्या, याबद्दल. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांनी मिळून उभं राहिलेलं हे गाव. इथे आडनाव विचारून ‘जागा गेली’ म्हणणं मला लाजिरवाणं वाटतं. सिव्हिलला ड्युटी करणाऱ्या नर्स, मेडिकलला आणि इंजिनिअरिंगला बाहेरगावहून आलेली मुलं, एमआयडीसीत काम करणारे कामगार, यांनी राहायचं कुठे? आमच्याकडे सगळ्यांत वेळेवर भाडं दिलं ते रात्रपाळी करणाऱ्या एकट्या मुलीने. फॅमिली नाही म्हणून तिला तीन ठिकाणी नकार मिळाला होता. घर बघायला आलेल्याला मी नोकरी कुठे, आधीची जागा का सोडली आणि आधीच्या मालकांचा नंबर काय, इतकंच विचारते. त्या मालकांना फोन करते. मग पाण्याची पाळी, टाकीची क्षमता आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च कसा वाटायचा हे आधीच सांगते, आणि ते करारातही घालते.