हाडं ठिसूळ झाली म्हणून अंथरूण धरू नका

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या घरगुती व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "हाडं ठिसूळ असतील तर व्यायाम बंद करा, हाडं मोडतील. साठीनंतर गेलेला तोल परत येत नाही. फिजिओथेरपीवाले वायरी लावून करंट सोडतात, त्यानं हाडं आणखी पोखरतात. गंगावेशीत धारोष्ण दूध प्या आणि आराम करा." मी इथं फिजिओथेरपी करते. हा मेसेज वाचून माझ्याकडच्या दोन बायकांनी यायचं थांबवलं. म्हणून हे लिहिते आहे.

करंटपासून सुरुवात करते, कारण भीती त्याचीच जास्त. मी वायरी लावते त्या बायोफीडबॅकच्या, म्हणजे स्नायू किती काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्राच्या. हे यंत्र स्नायूला करंट देत नाही. स्नायू आवळला की त्यात स्वतःचीच सूक्ष्म वीज तयार होते, मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतकी. कातडीवर चिकटवलेल्या चकत्या ती टिपतात आणि पडद्यावरची रेघ वर चढते किंवा आवाज येतो. ईसीजीत हृदयाची वीज टिपतात, तसंच हे. मुंग्या आणणारं, दुखणं कमी करायचं यंत्र वेगळं. दोन्हींच्या वायरी सारख्या दिसतात, तिथं गल्लत होते.

मंगळवार पेठेतल्या एक आजी पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "येतो मी, खरं करंट सोडायचा नाही." त्यांच्या खुब्याच्या बाजूच्या स्नायूवर चकत्या लावल्या. एका पायावर उभं राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू न देणारा हाच स्नायू. "आवळा" म्हटलं की आजी दात आवळायच्या, खांदे वर घ्यायच्या, आणि पडद्यावरची रेघ जागची हलायची नाही. त्यांना मनापासून वाटायचं की आपण बरोबर करतोय. तिसऱ्या खेपेला रेघ वर गेली तेव्हा त्यांनी स्वतःच खुब्यावर हात ठेवून पाहिला. तो स्नायू कुठं आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढं हळूहळू चकत्या काढून टाकल्या, कारण स्वयंपाकघरात पडदा नसतो. यंत्राशिवायही तोल शिकवता येतो, हे मी स्वतःच सांगते. पण ज्यांना स्नायू सापडतच नाही, त्यांची वाट यंत्रामुळं सोपी होते.

"तोल परत येत नाही" हे तर साफ चूक. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव, या तिन्हींवर तोल उभा असतो. वयानं तिन्ही मंदावतात, पण सरावानं मेंदू त्यांचा मेळ पुन्हा घालू शकतो. तालमीत पोराचा पवित्रा पक्का होतो तो रोज उभं राहूनच ना? कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या 2019 च्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक वयस्कर माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी भरलं.

व्यायामानं हाडं मोडतात, यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या 1984 च्या एका छोट्या अभ्यासात मणके ठिसूळ झालेल्या बायका होत्या. पुढं वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड दिसली, पाठ ताठ करणारे व्यायाम करणाऱ्यांत 16 टक्के. काहीच न करणाऱ्यांत किती? 67 टक्के. म्हणजे पायाचे अंगठे पकडणं, झोपून पोटाच्या उठाबशा काढणं, कमरेत वाकून बादली उचलणं बंद करायचं. चालणं-फिरणं नाही. हाडावर भार पडला नाही तर ते झिजतंच. अवकाशात महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का हाड घटतं, ते तरण्याबांड अंतराळवीरांचं. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत, हाडं विरळ झालेल्या बायकांनी देखरेखीखाली आठ महिने जड वजनं उचलली आणि त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी एकटीनं हे करू नका, शिकवणारं माणूस जवळ लागतं.

दूध प्या, मी नको म्हणत नाही. उकळून प्या. पण ओल्या फरशीवर पाय सटकला तर दूध सावरायला येत नाही. खुब्याची बहुतेक हाडं पडूनच मोडतात. मोरीत हाताला धरायला दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा. गुळगुळीत तळाची नवी कोल्हापुरी घरात घालू नका.

आणि ओट्याला दोन्ही हातांनी धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या. जमलं की एक हात सोडा. शेजारी कुणीतरी असू द्या. पाठीत अचानक कळ आली असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. हाडांसाठी चालू असलेली गोळी किंवा इंजेक्शन मेसेज वाचून थांबवू नका.