तुळस उकळू नका, मुरवा

तुळशीच्या काढ्यावरच्या एका लेखात पानं २० मिनिटं उकळायला सांगितली आहेत, तिथेच काढा फसतो. तुळशीचा वास आणि तिखटपणा ज्या तेलामुळे येतो ते वाफेबरोबर उडून जातं. घरभर घमघमाट, कपात नुसतं कडवट पाणी. दोन कप पाण्यात अर्धा इंच ठेचलेलं आलं आणि ४-५ मिरी दीड कप होईपर्यंत उकळा. गॅस बंद करून ८-१० पानं हातानं चुरडून टाका, गवती चहाही तेव्हाच, आणि ५-७ मिनिटं घट्ट झाकण. गूळ चालेल. मध घातलाच तर कोमट झाल्यावर, वर्षाखालच्या बाळाला मुळीच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या काढ्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि दोन-तीन दिवसांत ताप हटत नसेल तर काढा पुरे, डॉक्टरांकडून तपासून घ्या!

आता काढ्यासाठी घरी लावलेल्या तुळशीबद्दल: पुण्यातल्या गॅलरीत तुळस मरते ती बहुधा जास्त पाण्यानं. पावसाळ्यात कुंडीचं भोक बुजतं, मुळं कुजतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी. मंजिऱ्या वाळायच्या आत खुडा, नाहीतर पानं बारीक होऊन खोड नुसतं लाकूड होतं.